गच्चीवरचा फान्दांगो

रमामावशीचं खरं नाव रेमेदिओस. आईच्या जिभेवर ते एक दिवससुद्धा टिकलं नाही. पहिल्या दिवशी तिने 'रेमेडी' म्हणून पाहिलं, दुसऱ्या दिवशी 'रेमा', आणि तिसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या त्या उंच, सावळ्या, कुरळ्या केसांच्या बाईला तिने सरळ "ये गं रमा, बस" म्हणून टाकलं. ती बसली, आणि पुढची दोन वर्षं बसायलाच येत राहिली. ती मेक्सिकोची. वेराक्रूझ नावाचं मोठं बंदर आहे तिकडे, त्याच्या दक्षिणेला नदीकाठचं तिचं गाव. नवरा समुद्रातल्या तेलाच्या रिगवर कामाला होता, अठ्ठावीस दिवस पाण्यात आणि अठ्ठावीस दिवस घरी, आणि घरी असला की बहुतेक झोपलेला. आम्ही अजमानला राहायचो ते दुबईचं भाडं झेपत नव्हतं म्हणून. बाबा जबल अलीतल्या एका गोदामात स्टोअरकीपर होते. कंपनीची बस त्यांना अंधारातच घेऊन जायची आणि अंधार पडल्यावर आणून सोडायची, त्यामुळे माझ्या लहानपणीचे बाबा म्हणजे मुख्यतः शुक्रवारचे बाबा. बाकी सगळा आठवडा घरात आई, मी आणि समोरच्या फ्लॅटमधून चपला फटफटवत येणारी रमामावशी.

या दोघी बोलायच्या कशा, हा प्रश्न बाबांना कायम पडे. मावशीचं इंग्रजी तुटकं, आईचं त्याहून तुटकं. आई हिंदी बोलायची, मावशी तिची स्पॅनिश बोलायची, अडलं की दोघी एकदम बाजारात ऐकलेलं अरबी "यल्ला" किंवा "खलास" म्हणायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. मी शाळेतून आले की माझ्या शाळेतल्या इंग्रजीवर मला दुभाष्याचं काम. इतक्या वर्षांनी मला त्यांचं सगळं बोलणं मराठीतच आठवतं, तेव्हा इथेही मी ते तसंच लिहिणार. माझी नात हे वाचून म्हणेल, "आजी, that's not accurate." म्हणू दे. तिच्या पिढीला सगळं ॲक्युरेट लागतं.

मैत्री जमली ती भाकरीवरून. आई एकदा तांदळाची भाकरी थापत होती. मावशी मीठ की काय मागायला आली आणि तो थप थप आवाज ऐकून दारातच थबकली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आई घाबरली, तिला वाटलं नवऱ्याचं काही बरंवाईट झालं. मग कळलं की तिच्या गावी पहाटे घराघरातून हाच आवाज येतो, फक्त पीठ मक्याचं असतं. दुसऱ्याच दिवशी दोघी मका शोधायला बाहेर पडल्या. तो मिळाला कबुतरांचे दाणे विकणाऱ्याकडे. मावशीच्या पद्धतीत मका चुन्याच्या पाण्यात उकडून रात्रभर ठेवायचा असतो, आणि चुना मिळाला कोपऱ्यावरच्या पानवाल्या पठाणाकडे. पानवाल्याने विचारलं, "बाजी, इतना चूना? शादी है क्या?" शुक्रवारी त्या भाकऱ्या, त्यांवर आईची सुरमईची आमटी आणि मावशीची मिरची असं जेवण झालं. बाबा चार भाकऱ्या खाऊन म्हणाले, "आयुष्यात पुष्कळांनी मला चुना लावला, पण इतका चविष्ट कोणी नाही." आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की पाचवी त्यांनी मागितलीच नाही.

तिच्या घरात भिंतीवर एक छोटं गिटारसारखं वाद्य टांगलेलं असे. त्याला ती हाराना म्हणायची. अख्खा एकच ओंडका आतून कोरून केलेलं, पोट वितीएवढं, आवाज मात्र खणखणीत. ते तिच्या वडिलांनी स्वतः कोरलं होतं. वडील गुरं राखायचे आणि गायचे. लिहिता वाचता येत नव्हतं, पण कडवी शेकड्यांनी पाठ आणि नवीन करायचीही हातोटी. मावशी सांगायची की त्यांच्याकडे सण असो, लग्न असो किंवा कोणी गेलेलं असो, अंगणात एक लाकडी चौथरा मांडतात. तो आतून पोकळ असतो. त्याला तारिमा म्हणतात. भोवती हाराना घेऊन माणसं उभी राहतात, बायका आळीपाळीने त्या चौथऱ्यावर चढून पायांनी ताल वाजवतात, आणि कोणीही पुढे होऊन कडवं म्हणतं, दुसरं कोणीतरी त्याला उत्तर देतं. याला म्हणतात फान्दांगो. त्यात प्रेक्षक नसतात. तिच्या आजोबांची आजी क्यूबा बेटावरून आली होती म्हणे, आणि गाणीही तशीच त्या समुद्रातल्या बेटाबेटांवरून बोटींनी आली, स्पेनची थोडी, तिथल्या मूळ लोकांची थोडी, गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन लोकांची बरीच. "त्यांचे ढोल मालकांनी काढून घेतले," मावशी म्हणायची. "मग ते लाकडावर पाय वाजवायला लागले. पाय कसे काढून घेणार?" हे तिचे वडील सांगत आणि वडील सांगत ते तिला पुरावा मागावासा कधी वाटला नाही.

मी तेव्हा पंधरा सोळा वर्षांची होते आणि शारजात कथक शिकत होते. स्वतःबद्दल माझा समज फार चांगला होता. आमच्या बाई आपल्या हॉलमध्येच क्लास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "पाय असा पडला पाहिजे की खालच्या मजल्यावरचं झुंबर हललं पाहिजे." खालच्या मजल्यावरच्या लेबनीज कुटुंबाने दोनदा येऊन झुंबराची तक्रार केली होती, त्यातली एकदा माझ्यामुळे, याचा मला अभिमान होता. तेव्हा मावशीने चौथऱ्याचं सांगितल्यावर मी बाबांच्या मागेच लागले. जबल अलीच्या गोदामात मालाखालच्या लाकडी पॅलेटना काय तोटा? बाबांनी सुपरवायझरची परवानगी काढून मोडक्या चार पॅलेट पिकअपमधून पाठवल्या, रिगवरून आलेल्या मावशीच्या नवऱ्याने झोपेतून उठून त्यांच्या फळ्या ठोकल्या आणि आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्या आणि डिशच्या छत्र्यांच्या मधोमध, एक तारिमा उभा राहिला. त्याच्या एका फळीवर कुठल्याशा फ्रीज कंपनीचा 'ही बाजू वर' असा बाण होता. त्या बाणावर मी नाचायची.

संध्याकाळी ऊन उतरलं की आम्ही वर जायचो. खालून गॅसच्या गाडीची घंटा, लांबून धक्क्यावरच्या बोटींची घरघर, शेजारच्या बिल्डिंगमधल्या एसींचा न थांबणारा घुं घुं आवाज. मावशी हाराना छेडायची आणि मला शिकवायची. पावलं मला पटकन आली, ताल आमच्या सहा मात्रांच्या तालाच्या जवळचा होता. एक गोष्ट मात्र येईना. वाद्यं नुसती वाजत असतात तेव्हा पाय हवे तेवढे जोरात मारायचे. पण कोणी कडवं म्हणायला तोंड उघडलं की त्याच क्षणी पाय हलके करायचे, फळीवरून केरसुणी फिरवल्यासारखे नुसते घासायचे, म्हणजे शब्द सगळ्यांना ऐकू जातात. कडवं संपलं की पुन्हा जोर. "गाणाऱ्याचं ऐक, सुजू," ती म्हणायची. "ती नाचतेय म्हणून तो गात नाही. तो गातोय म्हणून ती आहे." मला हे कळत होतं. पायांना कळत नव्हतं. पायांना झुंबर हलवायची सवय.

त्या वर्षी तिचे वडील गेले. पत्र आलं तेव्हा त्यांना जाऊन सोळा दिवस झाले होते. ती आमच्या ओट्यापाशी उभी राहून पत्र वाचत होती आणि आईला काही न सांगता तिने ते नीट घडी घालून डब्यांच्या मागे ठेवलं, जणू दिसेनासं झालं की झालं. आता जाऊन काय करू, असं ती म्हणाली, आणि मग तेच ती महिनोन्महिने म्हणत राहिली. तिकीट काढू, पुढच्या महिन्यात काढू, नवऱ्याची ड्यूटी बदलली की काढू. आईने तिला एकदा सोडून चारदा सांगितलं, "रमा, जाऊन ये गं. आईला भेटून ये." पण वडिलांवाचूनचं ते घर बघायची तिला भीती वाटत होती, हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की ती जात नाहीये, आणि मला त्याचा आनंद झाला होता.

वर्ष पुरं व्हायला आलं तसं तिने एक गोष्ट आईला सांगितली. तिकडे वर्षाच्या दिवशी सगळं गाव जमून गेलेल्या माणसाची कडवी गातं. तिच्याकडे वडिलांचं एक कडवं होतं जे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं, तिच्या आईलासुद्धा नाही. ती इकडे यायला निघाली तेव्हा बसच्या थांब्यावर वडिलांनी ते रचून तिच्या कानात म्हटलं होतं. आईने नंतर ते मराठीत बसवलं ते असं:

समुद्रा, लेक माझी
तुझ्या पाठीवरून गेली;
सांग तिला, मी दाराची
कडी नाही लावलेली.

हे तिच्या आईपर्यंत पोचायला हवं होतं, त्या दिवशी, त्या माणसांत. कॅसेटची कल्पना आमच्या आईची. आम्ही पत्रं लिहितच नव्हतो. आई टेपरेकॉर्डरपुढे बसून तासभर बोलायची आणि देवगडला मामाकडे कॅसेट जायची, तिकडून मामाची यायची, त्यात मागे म्हैससुद्धा ओरडायची. "तशीच कर," आई म्हणाली. "तुझा आवाज जाईल, मग तू गेल्यासारखंच." नवऱ्याचा एक गाववाला रिगवरून सुट्टीवर निघाला होता, शुक्रवारी संध्याकाळचं त्याचं विमान. तो कॅसेट वेळेत पोचवणार होता. म्हणून मग शुक्रवारी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर गच्चीवर फान्दांगो करायचं ठरलं. पायांशिवाय गाणं उघडं वाटतं, असं मावशीचं म्हणणं. पाय माझे.

आई त्या दिवशी सकाळपासून शिरा ढवळत होती. बाबांनी वॉचमनला सांगितलं, वॉचमनने सगळ्या बिल्डिंगला. केरळचं एक कुटुंब, तीन पाकिस्तानी भाऊ, खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकू, सगळे गच्चीवर. समुद्रावरून वारा सुटला होता, तेव्हा टेपरेकॉर्डर कुठे ठेवायचा हा प्रश्न आला. बाबांनी विचारपूर्वक तो तारिमाच्याच कडेला, माझ्या पायांपासून हातभर अंतरावर, आडोशाला ठेवला. मावशीने काळा झगा घातला होता. तिने हाराना सुरू केली आणि मी बाणावर उभी राहिले.

पहिली पाचेक मिनिटं नुसतंच वाजवणं होतं आणि मी सुटलेच. फळ्या पोकळ, त्यामुळे शारजाच्या फरशीपेक्षा दसपट आवाज. पाकिस्तानी भावांतला थोरला "वाह वाह, क्या बात है" म्हणाला. गुजराती काकूंनी बोटं मोडून दृष्ट काढली. प्रेक्षक नसतात हे मला कितीदा सांगितलेलं, पण समोर प्रेक्षक होते आणि ते माझ्याकडे बघत होते. मावशीने डोळे मिटले, मान वर केली आणि कडवं सुरू केलं. मला ते दिसलं. मी खोटं कशाला सांगू? तिचं तोंड उघडलेलं मला दिसलं, पाय हलके करायचे हे मला त्या क्षणी आठवलंसुद्धा, आणि तरी मी म्हटलं, एवढी एक तिहाई. तीन वेळा तोच तुकडा घेत मी शेवटच्या ठोक्यावर अशी काही समेवर आले की अख्ख्या गच्चीने टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत चार ओळी संपल्या होत्या. मावशी माझ्याकडे बघून हसली. पुढे तिने आणखी दोन जुनी कडवी म्हटली आणि तेव्हा मी पाय अगदी शहाण्यासारखे हलके ठेवले. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजत होता. गाववाल्याने कॅसेट खिशात घातली, शिऱ्याचा डबा हातात घेतला आणि तो गेला. पुन्हा लावून ऐकायला वेळच नव्हता.

जेवताना बाबा घास हातात तसाच धरून म्हणाले, "टेप फळीवरच होता ना गं? मग रमाचं ऐकू आलं असेल का?" आई म्हणाली, "इन्शाल्ला येईल." ती इन्शाल्ला म्हणाली की काम होणार नाही हे आमच्या घरात ठरलेलं होतं. पुढे पाच आठवडे मी काही बोलले नाही. मावशी रोज यायची, आज पोचली असेल, आज लावली असेल, आईने ऐकलं असेल, असं मोजत बसायची, आणि मी होमवर्क आहे म्हणून आतल्या खोलीत जायची. क्लासमध्ये बाईंनी पाठ थोपटली तेव्हा मला रडू आलं, त्यांना वाटलं आनंदाचं.

उत्तराची कॅसेट त्याच गाववाल्याबरोबर आली. ती आमच्याच स्वयंपाकघरात लागली, कारण रेकॉर्डर आमचा. आधी कोंबड्या, मग माणसांचा गलका, मग एक म्हातारा, थोडा घोगरा बाईचा आवाज. मावशी एकेक वाक्य ऐकून थांबवायची आणि आम्हाला सांगायची. तिची आई म्हणत होती, सगळं गाव बसलं होतं. चौथऱ्यावरच मशीन ठेवून लावली. एकदा लावली, सात वेळा लावली. जुनी दोन कडवी स्वच्छ ऐकू आली. तुझं पहिलं कडवं कोणालाच कळलं नाही. तुझा काका म्हणतो त्यात समुद्र आहे, शेजारीण म्हणते घोडा आहे. ती नाचणारी मुलगी कोण? पाय चांगले आहेत तिचे. कान नाहीत.

मावशीने हे वाक्यही सांगितलं. तिने ते गाळलं असतं तरी चाललं असतं, पण सांगायचं तर सगळं सांगायचं हा तिचा स्वभाव. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. पोळपाटावरचं पीठ उगाच पुसत राहिली. टेपवरची म्हातारी पुढे म्हणाली, पत्रात लिहून पाठवू नकोस. मला वाचता येत नाही, आणि तुझ्या बापाचे शब्द मास्तराच्या तोंडून मला ऐकायचे नाहीत. तू ये आणि म्हण. मग हारानांचा आवाज सुरू झाला, एकामागून एक माणसं कडवी म्हणत होती, आणि प्रत्येक कडव्याखाली फळीवर पाय नुसते घासत होते, इतके हळू की शब्द न् शब्द ऐकू येत होता. स्पॅनिशचं अक्षर न येणाऱ्या मलाही.

दहा दिवसांत तिने तिकीट काढलं. वर्षभर न निघालेलं तिकीट दहा दिवसांत निघालं. तीन महिन्यांत परत येते, असं ती म्हणत होती आणि आई तिला बेसनाचे लाडू बांधून देत होती. जायच्या आदल्या दिवशी मी एकटीच तिच्या फ्लॅटवर गेले. बॅगा जमिनीवर पसरलेल्या. मी म्हटलं, "मावशी, मला आठवलं होतं. तू तोंड उघडलंस तेव्हाच मला आठवलं होतं, तरी मी थांबले नाही." ती बॅगेत कपडे दाबत होती. म्हणाली, "माहीत आहे. मी बघत होते." मग बॅग बंद करून म्हणाली, "मला राग आला होता. दोन दिवस होता." आणि तिने मला जवळ घेतलं.

ती परत आली नाही. वर्षअखेरीला नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, तोही सामान आवरून गेला. मग तिचं एक पत्र आलं, कोणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलेलं. ती पोचली त्या संध्याकाळीच तिने अंगणात ते कडवं म्हटलं. तिच्या आईने तिला ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. आठ महिन्यांनी तिची आई गेली, तेव्हा मावशी उशाशी होती. पत्राच्या शेवटी तिने माझ्या पायांना थँक्यू म्हटलं होतं. माझ्या आईने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "बघ, चांगलंच झालं ना?"

चांगलंच झालं. मी आता आजी आहे, मुलाकडे पुन्हा याच अजमानमध्ये राहते, तशी गाणी नात मला फोनवर एका मिनिटात काढून देते, आणि मला हे नीट कळतं की मी पाय हलके ठेवले असते तर कडवं पोचलं असतं, रमामावशीचं समाधान झालं असतं, ती अजमानलाच राहिली असती आणि तिची आई तिला न भेटता गेली असती. हे सगळं मला कळतं. तरीही कोणी मला आज त्या फळीवर पुन्हा उभं केलं, तर मी पाय हलके ठेवीन. तिच्या आईसाठी नाही. मावशी समोरच्या दारातून आणखी थोडे दिवस यावी म्हणून.